झालं की केलं? डॅलसच्या उत्तरेकडच्या एका गायनॅक क्लिनिकचा रिव्ह्यू

तारे आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईतल्यांची सुटका होईल. डॉक्टरांना पाच, नर्सबाईंना पाच, सोनोग्राफीवालीला चार. फॉर्मला एक. बिलिंगला अर्धा, तोही जिवावर आलेला.

क्लिनिकचं नाव मी लिहिणार नाही. ओळखीच्या बायकांनी विचारलं तर फोनवर सांगेन. टेक्सासमध्ये गायनॅक डॉक्टरचं चारचौघांत कौतुक करतानाही हल्ली मी दोनदा विचार करते. पुढे वाचलंत की का ते कळेल.

मी पुण्याहून २०१९ मध्ये इकडे आले. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, तेही एका इन्शुरन्स कंपनीत. त्यामुळे फॉर्म दिसला की आधी त्यात खोट शोधायची खोड आहे. या क्लिनिकच्या फॉर्ममध्ये ती शोधावी लागत नाही. आत गेल्यावर काउंटरवरची मुलगी हसून टॅब्लेट हातात देते, त्यावर एका स्क्रीनला एक प्रश्न. चौदावा प्रश्न: आजवर एकूण किती वेळा दिवस गेले? त्याखाली चार रकाने. आत्ता गरोदर, बाळंतपण, मिसकॅरेज, अबॉर्शन. या चारांची बेरीज वरच्या आकड्याशी जुळली नाही तर चौकट लाल होते आणि पुढे जाता येत नाही. पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. मागचं बटणच नाही! आमच्या टीममध्ये असा स्क्रीन कुणी पास केला असता तर मी त्याला चहाला बोलावून समजावलं असतं.

खरा आकडा होता तीन. मी दोन घातला. एक आत्ताचं, एक माझी मुलगी. चौकट हिरवी झाली.

तिसरं, म्हणजे क्रमाने पहिलं, २०१३ सालचं. लग्नाला आठ महिने झाले होते, नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती, मला सातवा आठवडा होता. दोघांनी मिळून ठरवलं. गोळ्यांनी पूर्ण झालं नाही म्हणून क्युरेटिंग करावं लागलं. भारतात १९७१ पासून कायदा आहे, सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते, तरी तिथल्या बाईंनी नवऱ्याची सही मागितलीच. त्याने केली. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, त्यामुळे नंतर अँटी-डीचं इंजेक्शन घ्यायचं होतं आणि ते त्यांच्या फ्रिजमध्ये नव्हतं. नवरा बाइकवर तीन मेडिकल फिरला आणि मुलं शाळेत नेतात तसल्या थर्मासमध्ये बर्फ घालून ते घेऊन आला. त्या थर्मासची निळी दोरी मला अजून आठवते. बाकीच्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही.

यात लपवण्यासारखं काय होतं? पुण्यात मुलीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि विषय संपला. डॅलसमध्ये तोच प्रश्न टॅब्लेटवर आला आणि बोट थबकलं. २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रो विरुद्ध वेडचा, म्हणजे गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा निकाल फिरवला, त्याच वर्षी २५ ऑगस्टपासून टेक्सासचा गर्भपातबंदीचा कायदा लागू झाला. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, वर किमान एक लाख डॉलर दंड, लायसन्स जातं ते वेगळं. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२१ पासून, कुणीही परका माणूस मदत करणाऱ्यावर दावा ठोकून किमान दहा हजार डॉलर मागू शकतो असा एक कायदा आहेच. यातला एकही बाईला शिक्षा करत नाही. पुण्यात २०१३ मध्ये कायद्यात राहून केलेल्या गोष्टीशी तर टेक्सासचा काडीचा संबंध नाही. हे सगळं मला पाठ होतं. रात्री दीड वाजता गूगल करून पाठ केलं होतं.

पण मला हेही माहीत होतं की एप्रिल २०२२ मध्ये, बंदी यायच्याही आधी, सीमेलगतच्या स्टार काउंटीत एका बाईला स्वतःच गर्भपात केल्याच्या आरोपावरून अटक झाली होती, खुनाच्या कलमाखाली. कायद्यात ते बसतच नाही म्हणून काही दिवसांत सरकारी वकिलाने आरोप मागे घेतला. अटक मात्र झाली ती झालीच. आणि पोलिसांपर्यंत बातमी पोहोचली होती हॉस्पिटलमधून. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. आमची जात अशी, की पार्किंगची पावतीसुद्धा पाच वर्षं जपून ठेवतो.

तर २०२५ च्या मार्चमधली पहिली भेट. पाळीच्या हिशेबाने आठ आठवडे. सोनोग्राफी करणारी मुलगी हसतखेळत बोलत होती, मग गप्प झाली आणि स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवला. तिचा एक तारा तिथे गेला. सांगायचा अधिकार तिला नसतो, ठाऊक आहे, पण स्क्रीन वळवला की सांगून झालेलंच असतं.

डॉक्टर आल्या त्या आधी खुर्ची ओढून बसल्या. गर्भ सहा मिलिमीटरचा आहे, ठोके दिसत नाहीत. सात किंवा त्याहून जास्त असता आणि ठोके नसते तर आजच नक्की सांगितलं असतं. सहाला सांगता येत नाही, तारखेत चूक असू शकते, अकरा दिवसांनी पुन्हा बघू.

अकरा दिवस! माझ्या मनात पहिला विचार बाळाचा आला नाही, वकिलाचा आला. हे थांबणं डॉक्टरकीतलं की कायद्यातलं? निपाणीहून आई फोनवर नेमकं तेच म्हणाली, तिच्या पद्धतीने: "त्या आपल्या बेळगावच्या मुलीचं काय केलं त्यांनी, आठवतंय ना?" सविता हलप्पनवार. आयर्लंडमधल्या गॉलवेला होती, स्वतः डेंटिस्ट, वय एकतीस. सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ घातला होता, टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, पण ठोके चालू आहेत म्हणून थांबवून ठेवलं. जंतुसंसर्ग रक्तात गेला आणि २८ ऑक्टोबर २०१२ ला ती गेली. तिकडच्या लोकांनी २०१८ मध्ये मतदान करून घटनेतली गर्भपातबंदी काढली, ६६ टक्क्यांनी. आईला टक्केवारी माहीत नाही. बेळगावच्या लोकांना मुलगी माहीत आहे.

म्हणून मी डॉक्टरांना सरळ विचारलं. पाच तारे त्यांच्या उत्तराला आहेत. त्या म्हणाल्या, "सहा मिलिमीटरला मी २०१९ मध्येही थांबवलं असतं. हे मोजमाप २०१३ पासूनचं आहे, रेडिओलॉजीवाल्यांचं, हवं तर कागद देते. ज्या दिवशी मी कायद्यामुळे थांबवीन त्या दिवशी तसं तोंडावर सांगेन." आणि खरंच कागद दिला. याआधीच्या क्लिनिकमध्ये तीन वर्षं जात होते, तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीनवरून मान वर केलेली मला आठवत नाही.

अकरा दिवसांनी तेवढाच गर्भ, ठोके नाहीत. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या: आपोआप पडण्याची वाट बघणं, गोळ्या, किंवा छोटी प्रोसीजर. मृत गर्भ काढणं हा टेक्सासच्या कायद्याच्या व्याख्येत गर्भपात नाही, हेही सांगितलं. आम्ही गोळ्या निवडल्या. आधी मिफेप्रिस्टोन, म्हणजे गर्भपातासाठी देतात ती पहिली गोळी, आणि मग मिसोप्रोस्टॉल दिलं तर काम जास्त वेळा एकाच खेपेत होतं. न्यू इंग्लंड जर्नलमधला २०१८ चा अभ्यास त्यांनीच सांगितला, साधारण ८४ टक्के विरुद्ध नुसत्या मिसोप्रोस्टॉलने ६७. "पहिलं औषध आम्ही ठेवत नाही," म्हणाल्या. का, ते मी विचारलं नाही. त्यांनी क्षणभर खिडकीकडे पाहिलं, तेवढं पुरलं.

आता मेडिकलचा किस्सा. दुकान क्लिनिकचं नाही, मोठ्या साखळीतलं आहे, त्याचंही नाव घेत नाही. मिसोप्रोस्टॉल मुळात अल्सरचं औषध. चार गोळ्या, साधी चिठ्ठी. फार्मासिस्टने चिठ्ठी बघितली, मला बघितलं आणि भर रांगेत विचारलं, "हे कशासाठी आहे?"

आणि माझ्या डोक्यात वाक्य आलं ते मराठीत. अबॉर्शन झालंय.

आपण असंच म्हणतो ना? "तिचं अबॉर्शन झालं" म्हणजे बिचारीचं मूल गेलं. "तिने अबॉर्शन केलं" म्हणजे वेगळं. शब्द एकच, क्रियापद बदललं की कीव तरी मिळते नाहीतर भुवया तरी वर जातात. हेच वाक्य मी त्या काउंटरवर जसंच्या तसं इंग्रजीत टाकलं असतं तर झालं कुठलं आणि केलं कुठलं, तिथे कुणाला कळणार होतं? माझ्या ओळखीत निदान चार काकू, मावश्या अशा आहेत ज्या आजही तसंच बोलतील. इथे मुलांकडे सहा महिन्यांसाठी येतात, सूनबाईंबरोबर दवाखान्यात जातात आणि मदत म्हणून मधेच बोलतात. मी "मिसकॅरेज" म्हटलं. शब्द जिभेवर नीट बसत नव्हता.

फार्मासिस्टचं समाधान झालं नाही. क्लिनिककडून निदानाचा कोड हवा म्हणाला. संध्याकाळचे साडेपाच, क्लिनिक बंद. मी गाडीत बसून रात्रीच्या नंबरवर फोन लावला. चाळीस मिनिटांत नर्सने परत फोन केला, दुकानाला कोड सांगितला, मग मला फोन करून "मिळाल्या का गोळ्या?" विचारलं. तिने हे काम महिनाभरात कितव्यांदा केलं ते विचारावंसं वाटलं होतं.

तर तो कोड. आमच्या कंपनीत रोज दिसतो, कधी विचारच केला नव्हता: ओ०२.१. पोटातला गर्भ गेलेला आहे पण अजून बाहेर पडलेला नाही, यासाठी. त्याचं अधिकृत नाव आहे "मिस्ड अबॉर्शन". वैद्यकीच्या जुन्या भाषेत आपोआप झालेलं आणि केलेलं, दोन्ही अबॉर्शनच. म्हणजे डॉक्टरांची भाषा आमच्या काकूंसारखीच आहे. फरक करणारं क्रियापद लागतं ते फक्त वकिलांना.

गोळ्यांनी पूर्ण झालं नाही. २०१३ चीच गत. दहा दिवसांनी सोनोग्राफीत थोडं राहिलेलं दिसलं, प्रोसीजर ठरली. त्या सकाळी नर्सने नवऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. सगळ्यांच्याच नवऱ्यांना सांगतात, घाबरू नका. घरी सुरक्षित वाटतं का, कुणी मारतं का, असे ठरलेले प्रश्न असतात. ते झाल्यावर तिने टॅब्लेट उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "फॉर्मवर काही राहिलं असेल तर आता तोंडी सांगता येईल. तुमच्या पिशवीत याआधी कुठलंही अवजार गेलं असेल तर डॉक्टरांना कळायला हवं. का गेलं, ते नाही सांगितलं तरी चालेल."

या एका वाक्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहिते आहे. "का गेलं ते नाही सांगितलं तरी चालेल."

मी सांगितलं. कारणासकट सांगितलं, कोणी मागितलं नसतानाही. केलं होतं, म्हटलं, क्युरेटिंग, सातव्या आठवड्यात. बारा वर्षांत इंग्रजीत पहिल्यांदा.

डॉक्टर आल्या, कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले आणि समजावून सांगितलं. क्युरेटिंगनंतर आतल्या अस्तराला कधी कधी चिकटे धरतात. ते माहीत असलं की त्या सोनोग्राफी चालू ठेवून, जास्त जपून आत जातात. पुढे कधी दिवस गेले तर वार कुठे आणि किती खोल चिकटली आहे हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, कारण तिथे चुकलं तर बाळंतपणात रक्त आवरत नाही. शिवाय मी निगेटिव्ह. प्रत्येक खेपेला पॉझिटिव्ह बाळाचं रक्त माझ्या रक्तात मिसळायची शक्यता, आणि माझ्या शरीराने एकदा त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली की पुढच्या बाळावर हल्ला. माझी ती तपासणी स्वच्छ आली होती. "पुण्यात इंजेक्शन मिळालं होतं का?" त्यांनी विचारलं. मी थर्मासची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. त्या सकाळी खोलीत तेवढंच हसू झालं.

मग मी विचारलं, तुम्ही हे लिहिणार? त्या म्हणाल्या, जे ऐकलं ते ऐकलं नाही असं मी करू शकत नाही, पण पुढच्या सर्जनला जे लागतं तेवढं लिहिते. आणि माझ्यासमोर टाइप करून दाखवलं: गर्भाशयाचं क्युरेटाज, २०१३, भारत, गुंतागुंत नाही. एकूण दिवस गेले: तीन. कारणाचा रकाना रिकामा. अशा नोंदी पोलिसी चौकशीसाठी देऊ नयेत म्हणून एक केंद्रीय नियम आहे असंही त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "पण त्यावर फार विसंबू नका, कोर्टात आहे." त्याच वर्षी जूनमध्ये टेक्सासमधल्याच अमारिलोच्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला. वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. रुग्णाला अर्धवट दिलासा न देणारी डॉक्टर मला आवडते.

प्रोसीजर पंधरा मिनिटांची. दुखतं, पण पुण्यापेक्षा कमी. भूल नुसती स्थानिक होती, नर्सने हात धरला होता. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं नाही.

बिलिंगवर मात्र आहे. तीन आठवड्यांनी इन्शुरन्सचं पत्र आलं, कशाचे किती पैसे लागले त्याचं. मी कामावर होते, सासूबाई इकडे आलेल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, टपाल उघडून नीट वाचून फ्रिजला लावायची शिस्त. संध्याकाळी आले तर पत्र टेबलावर, चष्मा त्यावर ठेवलेला. "मिस्ड अबॉर्शन" या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ.

"झालं की केलं?" त्यांनी विचारलं. राग नव्हता. हजेरी घेतात तसा आवाज.

"झालं," मी म्हटलं. यावेळचं झालंच होतं.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, आमच्या वेळी डॉक्टरीणबाई कागदावर "पिशवी धुतली" एवढंच लिहायच्या, सगळ्यांचं. कुणाचं काय ते त्यांना माहीत असायचं आणि त्या कुणाला विचारू द्यायच्या नाहीत. आणि उठून कुकर लावला. "सगळ्यांचं" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल एक प्रश्न पडलेला आहे, जो मी विचारणार नाही. २०१३ चं मीही त्यांना सांगितलेलं नाही. त्या रिव्ह्यू वाचत नाहीत.

क्लिनिकच्या बिलिंगला फोन करून विचारलं, पत्रावर दुसरा शब्द येऊ शकतो का? बाई म्हणाली, शब्द कोडबरोबर येतो, आमच्या हातात नाही. खरं आहे, मीच तशा सिस्टिम तपासते. पण निदान पत्र घरी पाठवायचं की फक्त ऑनलाइन, हे आधी विचारायला हवं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला सांगून कागदी पत्र बंद करा.

बाकी कामाचं. दुभाषा फोनवर मिळतो, यादीत मराठीही आहे. मी नको म्हटलं, कारण पलीकडे आपल्या मंडळातलीच कुणी निघाली तर पुढच्या गणपतीला आरतीच्या ताटाआडून बघायची. आईला किंवा सासूबाईंना नेत असाल तर मात्र घ्या, आणि "अबॉर्शन झालं" म्हणू नका असं गाडीतच सांगून ठेवा. कोपे, म्हणजे दर भेटीला आपल्या खिशातून, चाळीस डॉलर. सकाळी सव्वाआठची वेळ मागा, दहानंतर तासभर बसावं लागतं. पार्किंग मागच्या बाजूला, दाताच्या दवाखान्यासमोरचं घेऊ नका, गाडी उचलतात. आणि टॅब्लेट नको असेल तर काउंटरवर कागदी फॉर्म मागा. खालच्या ड्रॉवरमध्ये असतो, कुरकुर न करता देतात.